रिकाम्या खुर्चीचं बिल

पगारापलीकडे
नोकरी करता करता ‘स्वतःचं काहीतरी’ सुरू करण्याची स्वप्नं पाहणाऱ्यांसाठी

‘पैसे देऊन काळं व्हायचं? डोकं ठिकाणावर आहे ना त्यांचं!’

आतेबहिणीने पाठवलेल्या एका फोटोवरची ही आमच्या मातोश्रींची प्रतिक्रिया. आतेबहीण इंग्लंडमध्ये असते. तिच्या घराजवळच्या बाजारात एक टॅनिंग सलॉन आहे. पाटीवर पिवळाधम्मक सूर्य, आत निळसर जांभळा उजेड आणि माणूस मावेल एवढ्या ट्यूबलाइटच्या पेट्या. त्यांना म्हणतात सनबेड. गिऱ्हाईक आत शिरतं, ट्यूब पेटतात आणि अशा काही फेऱ्या झाल्या, की समुद्रकिनाऱ्यावर सुट्टी घालवून आल्यासारखा रंग चढतो. आपल्याकडे नेमकं उलटं! आपल्या पार्लरच्या रेटकार्डावर ‘डी-टॅन’ला मानाचं पान. ते ऊन विकत घेतात, आपण चढलेलं ऊन उतरवायला पैसे मोजतो.

‘वा, काय आयडिया आहे, इकडे आणू या का?’ असं मनात आलं असेल, तर थांबा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली टॅनिंगच्या या यंत्रांना कर्करोगजनकांच्या पहिल्या गटात टाकलं, म्हणजे तंबाखूच्या पंगतीत. इंग्लंडमध्ये १८ वर्षांखालच्यांना सनबेडला कायद्याने बंदी आहे. तेव्हा तो धंदा त्यांचा त्यांना लखलाभ!

पण त्या दुकानातली एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. तिथे सगळं मिनिटांवर विकतात. सहा मिनिटं, नऊ मिनिटं, बारा मिनिटं. मोठ्या उभ्या सनबेडमध्ये १८०-२०० वॅटच्या पन्नासेक ट्यूब असतात. म्हणजे १० किलोवॅटच्या आसपास. बारा मिनिटांत २ युनिट. दुकानदाराला डोळे मिटून सांगता येतं, की समोरच्या गिऱ्हाइकाने किती वीज खाल्ली आणि त्याच्याकडून किती वसूल झाली.

आता तुमच्या नेहमीच्या पार्लरवाल्या ताईंना विचारून बघा, ‘ताई, एका हेअरकटला वीज किती लागते हो?’ उत्तर मिळालं, तर मला जरूर कळवा.

माझ्या मैत्रिणीलाही ते माहीत नव्हतं. आजची गोष्ट तिचीच.

पेपर टाकले आणि...

बाईसाहेब हिंजवडीत नऊ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होत्या. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या, हेच काम. आवड मात्र केसांची. ऑफिसमधल्या निम्म्या मुलींचे हेअरकट हिच्या सल्ल्याने व्हायचे. शनिवार-रविवारचा कोर्स केला, सर्टिफिकेट मिळवलं आणि एक दिवस चक्क पेपर टाकले. पीएफ काढला, एक एफडी मोडली. घरच्यांशी करार एकच, एक वर्ष. वर्षभरात सलॉन स्वतःच्या पायावर उभं राहिलं नाही, तर मुकाट्याने पुन्हा लॅपटॉपची बॅग खांद्याला लावायची.

तिच्या एक्सेल शीटमध्ये सगळं होतं. भाडं, डिपॉझिट, फर्निचर, खुर्च्या, दोन मुलींचा पगार, उद्घाटनाचे पेढेसुद्धा. विजेसाठी एकच ओळ होती, ‘लाइट बिल, ५,०००’. कुठून आला हा आकडा? ‘घरी दोन हजार येतं, दुकानाला अडीचपट धरलं!’

बऱ्याच जणांचा हिशोब असाच असतो. म्हणून जरा सावकाश सांगते.

‘काय नाय होत ताई!’

जागा शोधताना तिला कोथरूडमध्ये पहिल्या मजल्यावरचा एक वन बीएचके मिळाला. भाडं दुकानाच्या जवळपास निम्मं. मालक म्हणाले, ‘मीटर आहेच. घरगुती आहे, बिल कमी येतं. सगळेच चालवतात, काय नाय होत ताई!’

ती सही करायच्या बेतात होती. वाचवलं ते वायरिंगचं एस्टिमेट द्यायला आलेल्या इलेक्ट्रिशियन काकांनी. त्यांनी मीटरकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, ‘मॅडम, तपासणीला आले, तर दंड कोण भरणार? मालक, की तुम्ही?’

गंमत नाही, मंडळी. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये मंजूर कारणासोडून दुसऱ्याच कामाला वीज वापरणं हा ‘अनधिकृत वापर’ ठरतो. सापडलात, तर त्या वापराला लागू असलेल्या दराच्या दुपटीने आकारणी होते. कधीपासून वापर सुरू होता ते ठरवता आलं नाही, तर मागचे बारा महिने धरले जातात. अपील करता येतं, पण आधी निम्मी रक्कम भरून. सलॉनसारख्या धंद्यात हा आकडा लाखांत जातो. भाड्यात वाचवलेले सगळे पैसे एका पंचनाम्यात साफ!

घरच्या घरी पार्लर चालवणाऱ्यांनी मात्र घाबरून जाऊ नये. राहत्या घराच्या एखाद्या भागात व्यवसाय असेल आणि पूर्ण घराचा वापर महिन्याला ३०० युनिट व वर्षाला ३,६०० युनिटच्या आत असेल, तर महावितरणच्या ग्राहकांना घरगुती दर चालतो. राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशातच ही सोय आहे. घराच्या एका खोलीत दोन खुर्च्या टाकून कामाचा अंदाज घेणाऱ्यांसाठी ही सोय म्हणजे वरदान. पण अख्खा फ्लॅटच सलॉन केला, की ही सवलत विसरायची. आदेश बदलत असतात, तेव्हा कात्री हातात घेण्याआधी चालू आदेश वाचून घ्या.

मैत्रिणीने फ्लॅट सोडला आणि मुख्य रस्त्यापासून एक गल्ली आत साडेतीनशे स्क्वेअर फुटांचा गाळा घेतला. या वेळी आधी मालकाकडून बारा आकडी ग्राहक क्रमांक घेतला, मागची बिलं काढली आणि चार गोष्टी तपासल्या.

एक, दर कोणता. मीटर व्यापारी वापराचं आहे ना?

दोन, थकबाकी. आधीच्याचं बिल आपल्या गळ्यात पडू शकतं. जुन्या मालकाची थकबाकी भरल्याशिवाय नव्या मालकाला कनेक्शन नाही, असा नियम वीज कंपनीला लावता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली मान्य केलंय. गाळा विकत घेताना तर हे बघाच, पण भाड्याने घेतानाही ‘आधीचं सगळं मालक भरेल’ हे करारात लिहून घ्या.

तीन, मंजूर भार, म्हणजे मराठीत सँक्शन्ड लोड! तिने यंत्रांच्या पाठीवरचे वॅट उतरवून घेतले. दीड टनाचे दोन एसी मिळून ३ किलोवॅट, गिझर २, तीन ड्रायर ६, फेशियल आणि केसांचे स्टीमर दीड, टॉवेल धुवायचं गरम पाण्याचं वॉशिंग मशीन २ आणि दिवे, कॉम्प्युटर, म्युझिक वगैरे मिळून ०.९. बेरीज साडेपंधराच्या जवळ. गाळ्याला होतं सिंगल फेज, त्यावर एवढं बसणारच नाही. म्हणजे थ्री-फेज, नवं वायरिंग, लायसन्स्ड कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट. हे खर्च आधी कळले, तर भाड्यात घासाघीस करता येते. नंतर कळले, तर फक्त रडता येतं.

बरं, भार भरमसाट मागवूनही उपयोग नाही. २० किलोवॅटच्या आत स्थिर आकार कनेक्शनमागे ठरावीक असतो. त्यापुढे गेलात, की किती डिमांड घेतली त्यावर आकार आणि युनिटही केव्हीएएचमध्ये, म्हणजे पॉवर फॅक्टरचं नवं टेन्शन. तिची बेरीज २० च्या आत होती, ती तिथेच ठेवली.

चार, सुरक्षा ठेव. ही साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी असते आणि वापर वाढला, तर पुढच्या वर्षी जादा ठेवीचं बिल वेगळं येतं. बुडत नाही, व्याजही मिळतं. पण सुरुवातीच्या खर्चात ती धरायलाच हवी. आमच्या बाईंच्या शीटमध्ये तिचा पत्ताच नव्हता.

पहिलं बिल : १५,९००!

उद्घाटन झालं मार्चअखेर. एप्रिलचं बिल मोबाइलवर आलं तेव्हा ती एका काकूंच्या केसांना मेंदी लावत होती. १,०६० युनिट, १५,९०० रुपये. ‘हात थरथरला गं, काकूंच्या कानाला मेंदी लागली,’ हे तिनेच नंतर सांगितलं.

(इथे आणि पुढे मी सगळे कर धरून सरसकट १५ रुपये युनिट असा सोपा हिशोब केलाय. तुमचा दर काढायचा असेल, तर बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट. बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशी वरात असते आणि व्यापारी ग्राहकाला वर २१ टक्के वीज शुल्क. त्यामुळे नुसता ‘वीज आकार’ पाहून खूश होऊ नका. मुंबईत तर बेस्ट, अदानी, टाटा आणि उपनगराच्या टोकाला महावितरण. वीज कोण देतं, यावर दर बदलतो.)

मग सुरू झाली काटकसर. आणि पहिली कुऱ्हाड कुणावर पडली असेल? ड्रायरवर! घूं घूं आवाज करतं, गरम वारा सोडतं, २,००० वॅट लिहिलंय, म्हणजे बिल तेच वाढवत असणार. तिने आरशाशेजारी चिठ्ठी चिकटवली, ‘ड्रायर गरजेपुरताच वापरावा’. मुली बिचाऱ्या घाबरून अर्धवट ओल्या केसांनीच गिऱ्हाइकाला उठवायला लागल्या. मग दुपारी एसी बंद करण्याचा प्रयोग झाला. मे महिना! फेशियलच्या वाफेखाली झोपलेल्या एका बाई घामाने चिंब झाल्या. पैसे देऊन गेल्या. त्या परत आल्या नाहीत.

मेचं बिलही जवळपास तेवढंच आलं. त्या रात्री तिचा फोन आला. ‘मी सीव्ही अपडेट करतेय.’

मी म्हटलं, ‘अगं, नऊ वर्षं टेस्टिंग केलंस ना? मग आधी टेस्ट तरी कर!’

मीटरसमोर एक तास

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी शटर अर्धं खाली ओढून आत बसलो. धंदा चालू असताना असतं तसं सगळं चालू केलं. दोन्ही एसी २० वर, छतातले सगळे दिवे, म्युझिक, कॉम्प्युटर. गिऱ्हाईक मात्र नाही. ड्रायर नाही, स्टीमर नाही, पाण्याचा नळ नाही. मीटरचा आकडा लिहिला आणि तासभर गप्पा मारल्या.

तासाने पाहिलं तर ३ युनिट!

तासाला ४५ रुपये. कुणीही आलेलं नसताना. सलॉन दहा ते आठ उघडं, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २६० तास. ७८० युनिट नुसते दार उघडं ठेवल्याचे.

मग रात्रीची पाळी. दुसऱ्या दिवशी बंद करताना आकडा लिहिला, सकाळी उघडताना पुन्हा पाहिला. रात्रीत ४ युनिट. चोर कोण? रात्रभर जळणारी पाटी, चालूच राहिलेला गिझर (पाणी थंड होतं, तो पुन्हा तापवतो, पुन्हा थंड होतं...) आणि छोटा फ्रिज. महिन्याला १२० युनिट.

७८० अधिक १२०, झाले ९००. बिल होतं १,०६० चं. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या गिऱ्हाइकांनी मिळून ड्रायर, वाफ, गरम पाणी, धुतलेले टॉवेल यांवर खाल्ले फक्त १६० युनिट. २,४०० रुपये. आणि ज्या ड्रायरवर एवढा राग, त्याचा पंधरा मिनिटांचा ब्लो-ड्राय म्हणजे अर्धा युनिट, साडेसात रुपये. तेवढ्यासाठी आपण बायकांना ओल्या केसांनी रस्त्यावर पाठवत होतो!

माणशी किती?

आता आठवा तो सनबेडवाला. त्याचं मशीन गिऱ्हाईक आत असतानाच १० किलोवॅट ओढतं. बाहेर आलं, की ट्यूब बंद. आपल्या सलॉनचं उलटं. इथे गिऱ्हाईक थोडं खातं आणि रिकामी खुर्ची भरपूर खाते.

मैत्रिणीकडे तेव्हा दिवसाला सरासरी आठ जण यायचे. महिन्याचे २०८. त्यांच्यावर बिल वाटून पाहा :

गिऱ्हाइकाने स्वतः वापरलेली वीज, माणशी सुमारे साडेअकरा रुपये.
उघड्या दुकानाची आणि रात्रीची वीज, माणशी सुमारे ६५ रुपये.

म्हणजे एका डोक्यामागे ७६ रुपये. चारच जण आले असते, तर हाच आकडा १४० च्या घरात गेला असता. आणि सोळा आले, तर ४४ वर येतो. दीडशे रुपयांचं थ्रेडिंग-फ्रिंज करणारी एकच मुलगी दुपारी दोन ते चारमध्ये आली, तर तेवढ्या वेळात ९० रुपयांची वीज गेलेली असते. भाडं, पगार तर वेगळंच!

तिचं एवढे दिवस चुकत होतं ते इथे. ती गिऱ्हाइकाच्या विजेत कपात करत होती. खुर्ची रिकामी असताना भाडं थांबवता येत नाही, पगार थांबवता येत नाही. वीज मात्र थांबवता येते. मग कात्री तिथेच चालवायची ना?

मग काय केलं?

सगळ्यात आधी ती ड्रायरची चिठ्ठी फाडली.

मग एसी. पुढे कटिंगच्या दोन खुर्च्या, मागे फेशियलची खोली, आणि दोन्हीकडचे एसी सकाळी शटरबरोबर चालू व्हायचे. आता मागचा एसी अपॉइंटमेंटच्या दहा मिनिटं आधी लागतो आणि काम झालं की बंद. खोलीला साधं सरकतं दार बसवलं. मागच्या एसीचे तास जवळपास निम्मे झाले.

तापमान २० वरून २५ वर आणलं आणि छताला कमी वॅटचे बीएलडीसी पंखे लावले. साधा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट खातो, हा तीसच्या आसपास. ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतं, की एसीचं तापमान एका अंशाने वाढवलं, की साधारण ६ टक्के वीज वाचते. पाच अंशांचे पाव टक्के नव्हे, पाव हिस्सा! म्हणून तर १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडच्या स्टारवाल्या रूम एसींचं सुरुवातीचं सेटिंग २४ ठेवणं सक्तीचं झालं. आपणच रिमोट घेऊन ते १८ वर नेतो. (सेकंडहँड एसी घेणाऱ्यांनो, एक लक्षात ठेवा. स्टारचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात. जुन्या स्टिकरवरचे पाच तारे आजचे पाच तारे नसतात.)

पश्चिमेच्या काचेला पडदा लावला. दुपारच्या उन्हाला आत घ्यायचं आणि मग ते बाहेर काढायला एसीला पैसे द्यायचे, हे म्हणजे फुकटचं टॅनिंग आणि विकतचं डी-टॅन! दिव्यांचंही तेच. सलॉनमधला प्रत्येक वॅट शेवटी उष्णताच होतो आणि ती एसीलाच उपसावी लागते. त्यामुळे छतातले निम्मे दिवे वेगळ्या बटणावर घेतले. आरशासमोरच्या उजेडाला मात्र हात लावला नाही. हायलाइट्सचा रंग चुकला, तर वाचलेल्या विजेच्या शंभरपट नुकसान.

पाटीला टायमर. साडेदहाला बंद. गिझरला टायमर, तो रात्री झोपतो, सकाळी उठतो. केस धुवायला उकळतं पाणी लागतच नाही, म्हणून त्याचं तापमानही खाली आणलं. टॉवेल धुतल्यावर उन्हात. पुण्यात वर्षाचे आठ महिने तरी ऊन फुकट मिळतं, इंग्लंडसारखं विकत घ्यावं लागत नाही!

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, वेळापत्रक. तिने रजिस्टर काढून पाहिलं. मंगळवार ते गुरुवार सकाळी दहा ते बारा जवळजवळ कुणीच नाही. उलट ऑफिस सुटल्यावर सातनंतर फोन यायचे, ‘साडेआठला याल का?’ आणि तेव्हा शटर पडलेलं. मग त्या तीन दिवशी उघडायची वेळ बाराची आणि बंद व्हायची दहाची. तास तेवढेच, पण खुर्ची भरलेली. दुपारच्या मोकळ्या वेळात तीन तासांचं ग्लोबल हेअर कलर किंवा स्मूदनिंग करणाऱ्यांना थोडी सवलत, म्हणजे मोठी कामं रिकाम्या तासांत जातात. सुटे थ्रेडिंगवाले संध्याकाळी एकामागोमाग एक.

हिशोब सांगते. एसीचे सुमारे २५० युनिट वाचले, रात्रीचे १००. एकूण साडेतीनशे. म्हणजे ५,२५० रुपये. एका मुलीच्या पगाराचा बरा मोठा हिस्सा!

जूनचं बिल आलं तेव्हा मात्र मी तिला नाचू दिलं नाही. जूनमध्ये पाऊस येतो, एसी आपोआप कमी चालतो, बिल कुणाचंही उतरतं. खरी परीक्षा पुढच्या एप्रिलची. आणि महिन्याच्या रकमेची नाहीच, परीक्षा ‘माणशी युनिट’ची. गिऱ्हाइकं वाढली म्हणून बिल वाढलं, तर ते दुःखाचं बिल नाही.

इथे कंजूषपणा नको

वीज वाचवायच्या नादात पुढच्या गोष्टींना हात लावायचा नाही.

ओले हात, ओली फरशी आणि ड्रायर, ही तिन्ही एका जागी आली, की अर्थिंग आणि आरसीसीबी या चैनीच्या वस्तू राहत नाहीत. जीव वाचवणारी ती कळ आहे. गिझर-ड्रायरला १६ अँपिअरचे सॉकेट हवेत. एकाच बोर्डावर एक्स्टेन्शनची माळ नको.

‘गॅस गिझर स्वस्त पडतो’ म्हणून बंद बाथरूममध्ये तो बसवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळायच्या आत माणूस कोसळतो.

आणि हो, ‘हा डबा प्लगमध्ये लावा, बिल ३० टक्के कमी’ असं सांगत एखादा विक्रेता येईलच. त्याला पाणी द्या, खुर्ची द्या, पैसे देऊ नका. तुमचं मीटर युनिट मोजतं आणि युनिट त्या डब्याने कमी होत नाहीत.

पुढचा एप्रिल

वर्षाचा करार संपला तो या एप्रिलमध्ये. आम्ही दोघींनी बिल एकत्र उघडलं. तोच उन्हाळा, तेच एसी. युनिट ८२०. मागच्या वर्षीपेक्षा २४० कमी. आणि गिऱ्हाइकं? दिवसाला आठची सरासरी तेरावर गेलीय. माणशी पाच युनिट लागत होते, आता अडीचच्या खाली.

सलॉन नुसत्या वीजबचतीवर तरलं का? अजिबात नाही. ते तरलं तिच्या हातातल्या कात्रीवर आणि सातनंतर उघड्या राहणाऱ्या दारावर. पण सातनंतर दार उघडं ठेवायचं डोक्यात आलं, ते मीटरसमोर तासभर बसल्यामुळे.

परवा गेले तर तिची नवी मुलगी गल्ल्याशेजारच्या वहीत काहीतरी लिहीत होती. तीनच रकाने. तारीख, मीटरचा आकडा, आलेली माणसं. घरच्यांनी नोकरीचा विषय काढणं सोडलंय. लॅपटॉपची बॅग आता वॅक्सच्या पट्ट्या ठेवायला वापरतात म्हणे!

---

कापा आणि फ्रिजवर चिकटवा!

• जागा पसंत पडली, की आधी ग्राहक क्रमांक मागा. बारा महिन्यांची बिलं, थकबाकी, मंजूर भार आणि दर पाहा. टोकन नंतर.
• गाळामालक सबमीटर लावून वीज देत असेल, तर युनिटचा दर करारात लिहून घ्या.
• यंत्रांचे वॅट पाठीवरच्या पट्टीवर वाचा. वॅट गुणिले तास भागिले १,००० म्हणजे युनिट.
• दोन महिन्यांच्या बिलाइतकी सुरक्षा ठेव सुरुवातीच्या भांडवलात धरा.
• सुट्टीच्या दिवशी रिकाम्या दुकानात तासभर बसा, मीटर वाचा. तोच तुमचा खरा ‘दर’.
• रात्रीचे युनिट एकदा तरी मोजा.
• गिऱ्हाइकाच्या सोयीवर कात्री नको. रिकाम्या खुर्चीवर चालवा.

पुढच्या आठवड्यात भेटू या, तेव्हा विषय असेल ‘भागीदारीत मैत्री टिकते का?’ तोवर घरी गेल्यावर एकदा मीटरची काच पुसून बघाच!